सहकुटुंब, सतंबू

पवना धरणाच्या काठावर तंबूत एक रात्र काढण्याचं पॅकेज विकत घेतलं, की त्यात पुढील गोष्टी मिळतात. कापडी तंबू. खाली गादी. चुलीवरचं जेवण. उघड्यावर शेकोटी. संध्याकाळी चहा-भजी, सकाळी चहा-पोहे. डोक्यावर आकाश. सामाईक स्वच्छतागृह. होडीचे पैसे वेगळे. आणि यादीच्या तळाशी, ठळक अक्षरांत, ‘गावाकडच्या जीवनाचा अस्सल अनुभव’.

कन्येने मोबाइलवरून वाचलेली ही यादी आमच्या आईने शेंगा सोलता सोलता शेवटपर्यंत ऐकून घेतली. आईचं माहेर भोरच्या पलीकडे, डोंगरातलं.

“म्हणजे दिवा नाही, दार नाही, डोळ्यांत धूर आणि संडास लांब,” ती म्हणाली. “हे सगळं माझ्याकडे होतं की. लग्न होईपर्यंत होतं. तेव्हा कुणी एक पैसा देईना.”

देशाची प्रगती कशी मोजावी याबद्दल अर्थतज्ज्ञांचं एकमत नसतं. कुटुंबाची प्रगती मात्र संडासाच्या अंतरावरून मोजावी, असं माझं ठाम मत आहे. आईच्या माहेरी तो ओढ्यापलीकडे होता. म्हणजे संडास नव्हता, ओढाच होता. लग्न होऊन ती चिंचवडला आली तेव्हा तो चाळीच्या टोकाला आला. पहाटे डबडं घेऊन नंबर लावावा लागे, पण पावसात छत्री लागत नसे. वडिलांना कारखान्यात बढती मिळाली तसा तो घराच्या आत आला, पण मोरीच्या पलीकडे, दबकत दबकत. आज आमच्या फ्लॅटमध्ये दोन आहेत आणि त्यातला एक तर थेट बेडरूममध्ये उघडतो. दोन पिढ्यांनी ओव्हरटाइम करून, हप्ते फेडून संडास असा फुटाफुटाने जवळ ओढला. आणि तिसऱ्या पिढीने, म्हणजे आमच्या कन्या-चिरंजीवांनी, तो एका शनिवारी पुन्हा ऐंशी पावलांवर नेऊन ठेवला. तेही आगाऊ रक्कम ऑनलाइन भरून.

साधं राहायला जायचं म्हटलं की सामान फार लागतं. घरात एखादी वस्तू नसली तरी अडत नाही, कोपऱ्यावर दुकान असतं. रानात मात्र कशाचीही गरज पडू शकते, या तत्त्वावर आमच्याकडे चार दिवस पिशव्या भरल्या जात होत्या. घडीच्या खुर्च्या, सतरंजी, पत्ते, डासांच्या उदबत्त्या, पॉवर बँका, औषधांचा डबा आणि प्रत्येक सहलीला जाऊन पिशवीतून न निघता परत येणाऱ्या बॅडमिंटनच्या रॅकेटी. बायकोने इलेक्ट्रिक किटली घेतली. तंबूत वीज नसते, अशी आठवण करून दिल्यावर तिने मल्टिप्लगही घेतला. खाण्याच्या पिशव्या दोन होत्या: एक रात्री भूक लागली तर, आणि दुसरी पहिलीतलं संपलं तर.

ताई आणि भाऊजी निगडीहून आले ते गाडीची डिकी सुतळीने बांधून. आत पाण्याचे दोन मोठे जार होते. धरणावर जाताना पाणी कशाला, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. बाहेरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम आहे.

आईने फक्त एक कापडी पिशवी घेतली. आत काय आहे, असं विचारल्यावर “असू दे,” एवढंच म्हणाली.

कामशेतला हायवे सोडला की रस्ता पवनानगरकडे वळतो. गावाचं हे नाव धरणामुळे पडलं. जुनी माणसं अजून काले कॉलनीच म्हणतात. तिथून पुढे रस्ता जलाशयाच्या कडेकडेने जातो आणि प्रत्येक वळणावर एक गाडी थांबलेली, दारं उघडी, आणि तिच्यातलं कुटुंब पाण्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत उभं. आम्हीही थांबलो. कन्या म्हणाली, “काय सुंदर लेक आहे!”

“लेक नाही,” भाऊजी म्हणाले. “धरण.”

भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. निसर्ग त्यांना टीएमसीत दिसतो. सगळे सूर्यास्त पाहत असतात तेव्हा ते बाष्पीभवन पाहत असतात.

“सह्याद्रीत तुम्ही ज्याला तळं म्हणून फोटो टाकता, ते बहुतेक वेळा कुणीतरी बांधलेलं असतं,” ते म्हणाले. “भंडारदरा इंग्रजांनी बांधलं, १९२६ साली पुरं झालं. मुळशी टाटांनी बांधलं. हे पवना आपल्या सरकारने, सत्तरच्या दशकात. साडेआठ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे किती?”

चिरंजीव चौथीत आहे. तो आजीच्या मागे गेला.

“दोन हजार आठशे बत्तीस कोटी लिटर,” भाऊजी डोंगराला म्हणाले.

डोंगर तिथे भरपूर आहेत. आमच्या काठावरून पाठीशी लोहगड, त्याच्या शेजारी विसापूर, पाण्यापलीकडे तुंग आणि डावीकडे तिकोना. पवन मावळावर आणि घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी हे गड वसले. आता त्यांच्या नजरेच्या टप्प्यात मुख्यतः पनीर टिक्का असतो. लोहगडाचा तर २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भाऊजींनी ही माहिती दिली तेव्हा चिरंजीवाने विचारलं, की मग तिथे नेटवर्क येतं का.

तंबू आधीच उभारलेले होते. निळे, पिवळे, केशरी, पाण्याच्या अगदी कडेला एका ओळीत. ‘चार माणसांचा तंबू’ हे वर्णन खोटं नाही. चार माणसं त्यात मावतात. फक्त ती आडवी हवीत, कुशीवर हवीत, सगळ्यांची कूस एकच हवी आणि कुणी वळायचं ठरवलं तर ठराव एकमताने व्हायला हवा. आत शिरण्याच्या पद्धती अनेक आहेत. ताई बसून, मागे सरकत गेली. भाऊजी आधी डोकं घालून गेले आणि उरलेले भाऊजी बराच वेळ बाहेर राहिले. बाहेर येण्याची पद्धत मात्र एकच: रांगत. माणूस कितीही मोठ्या पदावरून निवृत्त झालेला असो, तंबूतून तो रांगतच बाहेर येतो आणि पहिली नजर शेजारच्या तंबूतल्या अनोळखी माणसाच्या पायांवर पडते.

वीज नव्हती असं नाही. स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडला एक बोर्ड होता, त्याला एक्स्टेन्शन, त्याला दुसरं एक्स्टेन्शन, आणि त्याभोवती सगळ्या तंबूंतली मिळून वीसेक माणसं आपापल्या मोबाइलला वायरीने बांधलेली बसली होती. शहरातल्या धकाधकीपासून दूर आल्याचं ती एकमेकांना सांगत होती. बायको किटली आणि मल्टिप्लग घेऊन तिकडे गेली तेव्हा तिचं जे स्वागत झालं, तसं तिचं सासरीही झालेलं नाही.

चहा-भजी झाली आणि होड्यांची वेळ आली. होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट घालावं लागतं, आणि ते घालताच माणसाचं वय, शिक्षण आणि मान एकदम नाहीशी होते. मान खरोखरच नाहीशी होते. कान थेट खांद्यावर येतात. शेजारच्या तंबूतला एक तरुण म्हणाला, मला पोहता येतं, जॅकेट नको. तंबूंचे मालक स्वतः होडीवर होते. तिशी-पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. सगळे त्यांना दादा म्हणत. ते म्हणाले, “पोहता येणारेच बुडतात. न येणारे काठावर बसतात.” मग समजावून सांगितलं, की हा काही पोहण्याचा तलाव नाही, सपाट तळ नाही. खाली भाताची खाचरं आहेत, बांध आहेत. एका पावलाला पाणी गुडघ्याएवढं आणि दुसऱ्या पावलाला पायाखाली काहीच नाही. दरवर्षी कुणी ना कुणी जातंच. तरुणाने जॅकेट घातलं. त्याचीही मान गेली.

बायका दादांच्या वल्ह्याच्या होडीत बसल्या. आईने साडीवर स्वेटर, स्वेटरवर जॅकेट आणि जॅकेटवर मफलर असा क्रम लावला होता. पायडल बोट आमच्या वाट्याला आली: पुढे मी आणि भाऊजी, मागे मुलं. तिच्यात दोघांनी पायडल मारायचं असतं आणि मधल्या दांड्याने दिशा द्यायची असते. दांडा भाऊजींनी हातात घेतला. अनुभवी माणसाने दिशा द्यावी आणि इतरांनी पाय चालवावेत, ही खात्यातली जुनी पद्धत.

पायडल बोट बुडत नाही याचं कारण ती पोकळ आहे, आणि सरळ जात नाही याचं कारणही तेच. पाण्यात ती जेमतेम वीतभर असते आणि बाकी सगळी वाऱ्याच्या ताब्यात. शिवाय भाऊजींना वाटेत मागच्या डोंगरउतारावर, पाणी उतरल्याच्या मातकट रेघा दिसल्या. “पातळी बघ, पातळी!” म्हणून ते वळले, त्यांच्याबरोबर दांडा वळला आणि दांड्याबरोबर बोट. पुढचा काही काळ तुंग, तिकोना, लोहगड आणि पुन्हा तुंग असं दर्शन आम्हाला क्रमाने होत राहिलं. मुलांना ते फार आवडलं. त्यांना वाटलं, हे पॅकेजमध्येच आहे.

दादांची होडी मात्र ओढलेल्या रेघेवरून जावी तशी निघाली होती. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे आणि तोंड मागे. जायचं तिकडे त्याला दिसतच नाही. आईने त्यांना विचारलं, मग सरळ कसे जाता. दादा म्हणाले, “तिकोन्याचं टोक आणि काठावरचं ते आंब्याचं झाड एका रेषेत ठेवायचं. झाड सरकलं की समजायचं, होडी वाकडी गेली. पुढं बघायची गरज नाही.” आईला हे लगेच पटलं. आमच्याकडे वळून ती ओरडली, “एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि झाडं मोजत फिरताय!”

अखेर दादांनी एक दोर फेकला आणि आमची बोट आपल्या होडीमागे बांधून घेतली. त्या दोराच्या लांबीमुळेच पुढचं संभाषण मला ऐकू आलं.

“हितं खाली आमची जमीन,” वल्हं मारता मारता दादा म्हणाले. “आंबेमोहोर व्हायचा. भात पोटरीला आला की वास गावभर, असं आजोबा सांगायचे.”

“मग मोबदला?” आईने विचारलं.

“कुणाला मिळाला, कुणी अजून कागदाची पिशवी घेऊन फिरतंय. आमचे आजोबा पिशवीसकट गेले.” मग आईच्या चेहऱ्याकडे बघून दादांनीच विषय बदलला. “आजी, तुम्ही कुठल्या?”

“चिंचवड.”

“म्हणजे हे तुमचंच पाणी.”

आईला कळेना. भाऊजींना मात्र आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहावी तो क्षण मिळाला. ते बोटीत अर्धे उभे राहिले, दादांनी दटावल्यावर बसले आणि बसल्या जागेवरून त्यांनी सांगितलं, की या धरणातून पाणी नदीत सोडतात, ते वाहत वाहत रावेतच्या बंधाऱ्यापाशी जातं, तिथे पंपाने उपसतात, निगडीला शुद्ध करतात आणि मग ते आपल्या नळाला येतं. म्हणजे डिकीतले दोन जार हे याच पाण्याचे. नदीने खाली गेलेलं पाणी आम्ही पेट्रोल जाळून पुन्हा वर आणलं होतं.

आईने हात खाली घालून पाणी ढवळून पाहिलं. मग चहूबाजूंनी पाहिलं. डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाणीच पाणी.

“एवढं असून,” ती भाऊजींना म्हणाली, “नळाला दिवसाआड का येतं?”

भाऊजींनी मागणी, गळती, आरक्षण आणि वितरण व्यवस्था असे चार मुद्दे घेतले. काठ येईपर्यंत ते दुसऱ्या मुद्द्यावर होते.

अंधार पडला आणि शेकोटीची वेळ झाली. ओली लाकडं रचून, त्यावर बाटलीतून डिझेल ओतून, एक पोरगा काडी ओढत होता. भडका उडे, टाळ्या पडत, आणि टाळ्या थांबायच्या आत भडका विझे. चौथ्या भडक्याला आई उठली. कापडी पिशवीतून तिने काडेपेटी आणि मूठभर चिपाडं काढली. मोठी लाकडं बाजूला केली, खाली चिपाडं, त्यावर काटक्या, मध्ये वाऱ्याला वाट. एका काडीत जाळ झाला. मग तिने आपली सतरंजी उचलून डोंगराच्या बाजूला टाकली आणि आम्हालाही तिकडेच बसवलं. संध्याकाळी डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि खाली पाण्याकडे उतरू लागते. त्यामुळे धूरही पाण्याकडेच जातो. पाण्याकाठच्या ‘लेक व्ह्यू’ जागांसाठी ज्यांनी जादा पैसे भरले होते, त्या सगळ्यांना तो समान मिळाला.

चुलीवरचं जेवण दादांच्या घरच्या वहिनी करत होत्या. एकट्या बाईने इतक्या पानांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे काय, हे आईला न सांगता समजलं. ती पदर खोचून शेजारच्या चुलीपाशी बसली. पाच मिनिटांत तिच्याभोवती कोंडाळं जमलं. भाकरी हातावर फिरली की लोक “वाह!” म्हणत, तव्यावर पडली की मोबाइल खाली झुकत, विस्तवाशी उभी राहून फुगली की एक मुलगी किंचाळे. पुण्याच्या एका जोडप्याने आईला, “काकू, परत एकदा पाणी लावा ना, रेकॉर्ड नाही झालं,” अशी विनंती केली. आईने परत पाणी लावलं.

हे सगळं दादा शेडच्या खांबाला टेकून बघत होते. धंद्याची जाण असलेला माणूस. जेवणं झाल्यावर ते अदबीने आले. “आजी, शनिवार-रविवार येत जा ना. न्यायला-आणायला गाडी पाठवतो. पॅकेजमध्ये ‘लाइव्ह भाकरी’ टाकतो. तुम्हाला दिवसाचे पैसे.”

आई खूप वेळ हसत होती. “जन्मभर फुकट थापल्या,” ती ताईला म्हणाली, “आणि आता कुठे त्याला तिकीट लागलं बघ.”

रात्री पलीकडच्या काठावरचा डीजे सुरू झाला. मैल-दीड मैलावरचा, पण गाण्यातला शब्दन्‌शब्द आमच्या तंबूत. भाऊजींनी कारण सांगितलं: डोंगरावरून उतरलेली थंड हवा तळ्याच्या खोलगटात साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि वर निघालेला आवाज त्या झाकणाखाली वाकून पुन्हा पाण्यावर येतो. कारण कळल्याने आवाज कमी झाला नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम मात्र पलीकडच्यांनी काटेकोरपणे पाळला. ठोक्याला डीजे थांबला. मग त्यांनी स्वतः गायला सुरुवात केली. त्याला वेळेचं बंधन नाही.

भिंतीला कान असतात म्हणतात. तंबूला भिंत नसते, नुसते कानच असतात. उजवीकडच्या तंबूत एका मुलाचे आठवी ‘ब’चे मार्क निघाले. डावीकडे कुणाच्या तरी नणंदेच्या लग्नातला देण्याघेण्याचा हिशेब चालू होता, आणि त्यात आमच्या बायकोला इतका रस निर्माण झाला की आकडा अस्पष्ट आला तेव्हा ती मोठ्याने “किती?” म्हणाली. पलीकडे एकदम शांतता. मग सगळ्या ओळीतल्या झिपा एकेक करून वाजू लागल्या. तंबूची झिप गुपचूप उघडता येत नाही. कोण उठलं, कुठे चाललं आणि किती घाईत आहे, हे सगळं ती गावाला सांगते.

मध्यरात्री पाऊस सुरू झाला. डिसेंबरात, स्वच्छ चांदण्यात, फक्त आमच्या तंबूत. कपाळावर टपकन थेंब, मग मानेवर. बायकोने छत्री काढली. ती दुसऱ्या पिशवीत होती. शेजारच्या तंबूतून भाऊजींचा आवाज आला, की हा पाऊस नव्हे, आपलाच श्वास आहे. आतल्या सगळ्यांच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते मालकाकडे परत येतं. थंडी वाजते म्हणून आम्ही झिपा गच्च लावल्या होत्या, त्यामुळे वाफेला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. आई उठली. पुढची आणि मागची झिप हातभर उघडी केली, पिशवीतून गोधडी काढून दोन्ही नातवंडांवर घातली आणि म्हणाली, “खोपटाला वारा लागतो. कोंडून घेतलं की गळतं.” पाऊस थांबला. गोधडीखाली यायला कन्येच्या मागोमाग बायकोही सरकली.

पिशवीत आता फक्त टॉर्च आणि एक डबडं उरलं होतं. त्या रात्री ओळीतल्या ऐंशी पावलांच्या प्रवासाला निघालेल्या कितीतरी अनोळखी मंडळींनी तो टॉर्च आईकडून मागून नेला. डबड्याचं काम सामाईक स्वच्छतागृहाच्या नळाचं पाणी गेल्यावर पहाटे कळलं. समोर साडेआठ टीएमसी होतं.

सकाळी पाण्यावरून वाफा निघत होत्या. रात्रीच्या हवेपेक्षा तळ्याचं पाणी उबदार असतं, त्याची वाफ वर येताच गार हवेत धुकं होते. तिकोना त्यात कमरेपर्यंत बुडाला होता. सगळी वसाहत लाल डोळ्यांनी आणि धुराच्या वासाने रांगत बाहेर येत होती, त्याच वेळी दादा वरून, रस्त्यापलीकडून आले. अंघोळ झालेली, केस चापून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट. वर त्यांचं घर होतं. दोन मजली, स्लॅबचं, गच्चीवर काळी टाकी आणि सोलरचा बंब.

“तुम्ही तंबूत नाही का झोपत?” कन्येने विचारलं.

“मला काय घर नाही का?” दादा म्हणाले. त्यांना प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. “तंबूच्या पैशातनंच तर बांधलंय. खाली दोन खोल्या, वर दोन. प्रत्येकीला अटॅच.”

आईने त्या घराकडे मान वर करून पाहिलं आणि मग खाली आमच्या तंबूकडे. “हा शहाणा,” ती म्हणाली.

हिशेब चोख होता. आमचा संडास ऐंशी पावलं लांब गेला होता आणि त्या पैशांत दादांचा घरात आला होता. जगातलं एकूण अंतर तेवढंच राहिलं.

परतीच्या वाटेवर मुलं सांगत होती, की आयुष्यातली ही सगळ्यात भारी रात्र. कारणं विचारली तर क्रमाने सांगितली: बोट गोल फिरली ती, तंबूत पाऊस पडला तो, आजीने डबडं काढलं ते आणि आईने अंधारात “किती?” विचारलं ते. पॅकेजच्या यादीतलं यात काहीच नव्हतं. कामशेतपाशी दादांचा मेसेज आला: कृपया आपला अभिप्राय लिहावा. कन्येने मोबाइल आजीपुढे धरला. “आजी, तू सांग, मी लिहिते. किती स्टार देऊ?”

“तारे पुष्कळ होते,” आई म्हणाली. “माझ्या माहेरी होते तेवढेच. पण त्यात त्याचं काय कर्तृत्व?”

“तसे नाही गं. पाचपैकी द्यायचे.”

आईने बराच विचार केला. पोरगा कष्टाळू आहे, त्याची बायको गुणी आहे, होडी सरळ चालवतो, हे सगळं तिने आधी लिहून घेतलं. मग पुढचं सांगितलं, आणि कन्येने ते शब्द न बदलता टाकलं: “जेवण चांगलं. पाणी भरपूर, पण नळाला नाही. चूल, धूर, थंडी, अंधार, सगळं अगदी माझ्या लहानपणासारखं आहे. म्हणून दोन तारे कमी.”